मुलांना पहिल्या पुटकुळ्या आल्या की आधी काय बंद करायचं, मग काय आणायचं

मूल पाचवी-सहावीत गेलं की कपाळावर बारीक बारीक दाणे दिसायला लागतात, नाकावर काळे ठिपके, मग एखादी लाल पुळी. पुढचं बहुतेक घरांत ठरलेलंच असतं. बाथरूममध्ये पडलेला ताईचा ‘ऑइल कंट्रोल’ फेसवॉश, संध्याकाळी बेसन-हळद, रात्री शेजारच्या काकूंनी सांगितलेली ट्यूब. आठवड्याभरात चेहरा लाल होतो, ओठांच्या कडेला सालपटं निघतात, घाम आला की चुरचुरतं, आणि आपण म्हणतो पिंपल्स वाढले, आता अजून स्ट्राँग काहीतरी आणायला हवं. खरं तर ते पिंपल्स वाढलेले नसतातच, चेहरा जळलेला असतो.

चूक प्रॉडक्टपेक्षा क्रमात जास्त होते. लोक औषधापासून सुरुवात करतात आणि मॉइश्चरायझरपर्यंत कधी पोचतच नाहीत. खाली दिलेला क्रम बरोबर उलटा आहे: आधी बंद, मग साधं, आणि गरज पडलीच तर शेवटी औषध. हे साधारण ८ ते १४ वर्षांच्या, थोड्या पुटकुळ्या असलेल्या मुलांसाठी आहे. चेहरा गाठींनी भरला असेल तर थेट शेवटच्या पायरीवर जा.

१. आधी नीट बघा, हे पिंपल्सच आहेत का

ट्यूबलाइटखाली नको, सकाळी खिडकीपाशी उभं करून बघा. ह्या वयातले पिंपल्स बहुतेक कपाळ, नाक आणि हनुवटीवर सुरू होतात, त्यात कातडीच्या रंगाचे बंद दाणे आणि काळी टोकं जास्त, लाल पुळ्या कमी. सगळे एकसारखे दिसत नाहीत, काही छोटे काही मोठे असतात आणि खाज फारशी नसते.

आता जे पिंपल्ससारखं दिसतं पण नसतं ते. मे महिन्यात मान, पाठ, कपाळ एकदम बारीक दाण्यांनी भरलं आणि टोचतंय, तर ते घामोळं. कपाळावर किंवा पाठीवर सगळे दाणे अगदी एका साइझचे आणि भरपूर खाज, तर फंगल म्हणजे बुरशीचं असू शकतं, आणि त्यावर पिंपल्सचा फेसवॉश लावून काहीही होत नाही, त्याचं औषध वेगळं. मोत्यासारखा चकचकीत दाणा आणि मधोमध खळगा असेल तर तो बहुतेक मोलस्कम म्हणजे व्हायरसचा प्रकार, तो फोडला की पसरतो. दंडावर बारा महिने काटा आल्यासारखं खरखरीत असेल तर तेही पिंपल्स नव्हेत.

⚠️ मूल ७ वर्षांपेक्षा लहान आहे आणि तरी पिंपल्स दिसतायत, किंवा मुलीला ८ च्या आत, मुलाला ९ च्या आत पिंपल्सबरोबर काखेत केस, घामाला मोठ्या माणसांसारखा वास, मुलीची छाती वाढणं असं काही दिसतंय, तर फेसवॉश शोधत बसू नका. आधी मुलांच्या डॉक्टरांकडे जा.

२. दोन आठवडे सगळं बंद

ही पायरी कुणालाच आवडत नाही कारण ह्यात काही विकत घ्यायचं नसतं. पण चेहऱ्यावर पाच गोष्टी चालू असताना सहावी लावली तर कशाने फरक पडला आणि कशाने जळलं हे कळणार कसं?

बंद करायच्या गोष्टी: स्क्रब (अक्रोडाचा असो नाहीतर घरचा), लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा, तुरटी, टोनर, नाकावरच्या ओढून काढायच्या पट्ट्या, टी ट्री ऑइल, मोठ्यांचे सीरम. उटणं दिवाळीत अंगाला लावा, काही बिघडत नाही, पण पुटकुळ्या असलेल्या चेहऱ्यावर रोज घासायला नको. मुलतानी मातीही तशीच, लावल्यावर कातडी ओढल्यासारखी घट्ट होते ते लोकांना छान वाटतं, पण ते छान नाही, कातडी कोरडी पडल्याची ती खूण आहे. कोरफड कुंडीतून तोडून थेट चोळत असाल तर तेही थांबवा, पात कापल्यावर जो पिवळा चीक निघतो त्याने बऱ्याच जणांना खाज सुटते.

रील्स बघून मुलींनी स्वतःच्या खाऊच्या पैशातून आणलेले ‘ग्लो’वाले सीरमही ह्यात आले. रेटिनॉल, ग्लायकोलिक अ‍ॅसिड, व्हिटॅमिन सी, हे अकरा वर्षांच्या चेहऱ्याला नकोच. ओरडू नका, नाहीतर लपवून लावतील. बाटली मागा, मागचं लेबल तिच्यासोबत वाचा.

आणि आता तेल. आपल्याकडे बऱ्याच कपाळांचं कारण तेच असतं. रात्री चंपी करून खोबरेल थापलं, तेल कपाळावर उतरलं, सकाळी त्यावरच घट्ट वेण्या घालून किंवा भांग पाडून शाळेत, दुपारी पीटीच्या तासाला घाम. केसांच्या रेषेला लागून, भुवयांच्या वरती दाण्यांची दाट ओळ असेल तर ती शंभर टक्के नाही पण बहुतेक तेलाचीच आहे. तेल बंदच करा असं म्हणत नाही, आजीशी कोण वाद घालणार. रविवारी सकाळी लावा, कपाळाला लागू देऊ नका, तास-दोन तासांनी शॅम्पू करा. रात्रभर ठेवायचं नाही. केस कपाळावर येत असतील तर झोपताना हेअरबँडने मागे घ्या, आणि उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला, कारण मागच्या महिन्याभराचं तेल त्यात असतं.

⚠️ घरात कुठलीही ट्यूब चालू असेल तर तिच्यावरची नावं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ह्यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. ‘गोरं करणारी’ किंवा ‘डाग घालवणारी’ म्हणून अशा मिक्स क्रीम सर्रास हातात दिल्या जातात. दोन दिवसांत चेहरा मस्त दिसतो आणि काही आठवड्यांत कातडी पातळ, लाल, केस उगवलेली आणि पुळ्यांनी भरलेली. दोन-चार दिवसच लावलं असेल तर थांबवा. महिनाभर किंवा जास्त लावलं असेल तर आपल्या मनाने बंद करू नका, अचानक सोडल्यावर चेहरा भडकतो, त्वचेच्या डॉक्टरांना ट्यूब दाखवून ते म्हणतील तसं कमी करा.

ह्या दोन आठवड्यांत चेहरा सकाळ-संध्याकाळ साध्या पाण्याने धुवायचा. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर साबण चेहऱ्यावर तर अजिबात नको, कारण जड पाण्यात साबणाचा चोथा होतो आणि तो कातडीवर बसून राहतो, कितीही धुतलं तरी चिकट लागतं.

✔️ तपासा: दोन आठवड्यांनी लाली आणि चुरचुर गेली का? काही मुलांचे दाणे इथेच कमी झालेले असतात. नसतील झाले तरी आता खाली जे उरलंय ते खरं चित्र आहे. खिडकीपाशी एक फोटो काढून ठेवा.

३. फेसवॉश निवडताना पुढची बाजू सोडा, मागची वाचा

पुढे काय लिहिलंय त्याला फार अर्थ नाही. ‘डर्मॅटॉलॉजिस्ट टेस्टेड’ म्हणजे कुणीतरी कशावर तरी टेस्ट केलं, निकाल काय आला ते लिहिलेलं नसतं. ‘नॅचरल’ आणि ‘हर्बल’ तर शाम्पूपासून फिनेलपर्यंत सगळ्यावर असतं. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (म्हणजे छिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं असेल तर बरं, पण तीही कंपनीने स्वतःच केलेली घोषणा असते. आणि ‘बेबी’ लिहिलंय म्हणजे पुटकुळ्यांना सौम्य, हा मोठा गैरसमज आहे, बाळांची क्रीम आणि तेलं कोरड्या कातडीसाठी असतात, जड आणि सुगंधी, तेलकट कपाळावर ती कशाला?

ट्यूब उलटी करा. घटक जास्तीकडून कमीकडे असे लिहिलेले असतात, त्यामुळे पहिले सहा-सात बघितले तरी अंदाज येतो. समजा पाण्यानंतर मिरिस्टिक अ‍ॅसिड, स्टिअरिक अ‍ॅसिड, लॉरिक अ‍ॅसिड आणि थोडं पुढे पोटॅशियम हायड्रॉक्साइड दिसलं, तर ट्यूबवर काहीही लिहिलेलं असू दे, आत साबणच आहे, फक्त पातळ केलेला. असे फेसवॉश भरपूर फेसाळतात आणि धुतल्यावर चेहरा करकर वाजतो. साबणाचा पीएच (आम्लतेचं माप) ९-१० च्या आसपास, आपल्या कातडीचा ५ च्या आसपास, रोज दोनदा हा मारा नको. त्याऐवजी पाणी, ग्लिसरीन, कोकामिडोप्रोपिल बीटेन, किंवा ज्यांच्या नावात ‘ग्लुकोसाइड’ आहे असे घटक वरती दिसले तर तो सौम्य. फेस कमी येतो, मुलं तक्रार करतात की ‘आई हा चालतच नाही’, चालतो.

नको असलेली नावं: मेन्थॉल (थंडगार वाटतं म्हणून घालतात, चुरचुरतं), अल्कोहोल डिनॅट (कातडी कोरडी करणारं स्पिरिट) वरच्या ओळींत, स्क्रबचे कण, चारकोलचे खरबरीत प्रकार, आणि फ्रॅग्रन्स किंवा परफ्यूम. शेवटचं टाळणं सगळ्यात अवघड आहे कारण आपल्याला वासाशिवाय काही स्वच्छ वाटतच नाही.

ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच कंपनीचे चार-चार फेसवॉश असतात, एक साधा, एक ऑइली स्किन, एक अ‍ॅक्ने, एक ब्राइटनिंग, आणि लोक नाव लक्षात ठेवून नेमका चुकीचा उचलतात. ‘ब्राइटनिंग’ लिहिलेलं मुलांसाठी काहीच घेऊ नका. एक्सपायरी बघा, आणि छोटा पॅक घ्या, फॅमिली पॅकवर सूट असली तरी.

लावण्याआधी टेस्ट. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा लावायचं, आठवडाभर. फेसवॉश असेल तर अर्धं मिनिट ठेवून धुवायचं, क्रीम असेल तर तसंच ठेवायचं. लाल, खाज, पुरळ आलं तर ते चेहऱ्यावर न्यायचं नाही. एका दिवसात टेस्ट संपवू नका, काही अ‍ॅलर्जी तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठतात.

४. चेहरा धुवायला शिकवा, सांगू नका

‘जा चेहरा धुऊन ये’ म्हटलं की मूल काय करतं ते एकदा दारात उभं राहून बघा. हात ओला, ढीगभर फेसवॉश, दोन्ही गालांवर जोरात घासाघीस, पाण्याचे दोन हबके, आणि अंघोळीच्या टॉवेलने खसाखसा पुसणं. कपाळ कोरडंच राहतं. जबड्याखाली आणि कानापाशी फेस तसाच वाळतो.

नीट पद्धत अशी. आधी हात धुवायचे. चेहरा कोमट किंवा साध्या पाण्याने ओला, गरम पाणी नाही. वाटाण्याएवढा फेसवॉश हातावर पाण्यात पसरवून मग कपाळ, नाक, हनुवटी, शेवटी गाल, बोटांच्या टोकांनी, वीस-तीस सेकंद. मग भरपूर पाण्याने धुवायचं आणि केसांची रेषा, भुवया, नाकाच्या कडा, जबडा ह्यावर बोट फिरवून बघायचं, बुळबुळीत लागलं की अजून धुवायचं. वेगळ्या मऊ पंचाने टिपायचं.

दिवसात दोनदा, बास. क्रिकेट किंवा फुटबॉल खेळून आल्यावर तिसऱ्यांदा धुवायचा असेल तर नुसतं पाणी. हेल्मेटचा पट्टा हनुवटीवर घासत असेल तर तोही पुसून ठेवायला सांगा. दिवसात पाच वेळा धुतल्याने तेल थांबत नाही, तेल आतून हार्मोनमुळे येतंय, मळामुळे नाही. ‘तू चेहरा स्वच्छ ठेवत नाहीस’ हे वाक्य घरातून काढून टाका, ते खोटं आहे आणि पोरांना फार लागतं.

✔️ तपासा: धुतल्यानंतर पाच मिनिटांनी विचारा, चेहरा ओढल्यासारखा वाटतोय का. हो म्हणालं तर फेसवॉश कडक आहे किंवा जास्त घेतला जातोय. रोज फक्त रात्री वापरा, सकाळी पाणी. तरी तसंच वाटलं तर बदला.

५. मॉइश्चरायझर, हो, तेलकट चेहऱ्यालासुद्धा

‘आधीच तेल आहे, वर क्रीम कशाला’ हा प्रश्न येणारच. तेल आणि ओलावा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, चेहरा वरून चकचकीत आणि आतून कोरडा असू शकतो. शिवाय पुढे औषध लावायची वेळ आली तर मॉइश्चरायझर नसेल तर मूल चौथ्या दिवशी औषध सोडून देतं, कारण आग होते.

जेल किंवा हलकं लोशन घ्या, वासाशिवायचं. ग्लिसरीन, सेरामाइड, नायसिनामाइड, हायलुरोनिक अ‍ॅसिड अशी नावं चालतील. शिया बटर, कोको बटर, खोबरेल तेल, बदाम तेल वरच्या ओळींत असलेलं नको. चेहरा थोडा ओलसर असतानाच वाटाण्याएवढं, दिवसातून एक-दोनदा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात रात्री एकदाच पुरतं, विदर्भात किंवा नाशिकच्या थंडीत दोनदा लागेल.

फेसवॉश आणि मॉइश्चरायझर एकाच दिवशी सुरू करायचे नाहीत, मध्ये किमान आठवडा जाऊ द्या. सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम हाच, कारण पार्सल एकत्र येतं.

६. सनस्क्रीन, शाळेच्या दिवसांना

आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत पुळी जाते आणि मागे काळा डाग ठेवते, तो महिनोन्‌महिने राहतो, ऊन लागलं की अजून गडद होतो. पुळीपेक्षा मुलं त्या डागाने जास्त वैतागतात. म्हणून एसपीएफ ३० किंवा जास्त, जेल किंवा हलकं लोशन, वास नसलेलं. झिंक ऑक्साइडचं सौम्य असतं पण पांढरं दिसतं, आणि वर्गात एकदा कुणी ‘पावडर लावून आलास का’ म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून ट्यूब कपाटात. पांढरेपणा न ठेवणारं शोधा, टिंटेड (कातडीच्या रंगाचं) चालत असेल तर ते. शाळेच्या आधी एकदा, मैदानावर जास्त वेळ असेल तर दोन तासांनी पुन्हा. टोपी मात्र फुकट आहे.

संध्याकाळी घरी आल्यावर ते धुऊन टाकायचं. सनस्क्रीन लावून तसंच झोपलं तर ते छिद्रांत बसतं.

७. आता, आणि आताच, औषधाचा विचार

वरचं सगळं सहा-आठ आठवडे नीट केलं आणि तरी दाणे आहेत, तर एक औषध. एकच.

काळी टोकं आणि बंद दाणे जास्त असतील तर सॅलिसिलिक अ‍ॅसिड, तेही फेसवॉशच्या रूपात आणि १ टक्क्याच्या आसपासचं, आठवड्यातून दोन-तीन रात्री. २ टक्क्यांचं सीरम रात्रभर ठेवणं हे ह्या वयात सुरुवातीला नको. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर अजिबात नाही.

लाल पुळ्या असतील तर बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. हे आणि अ‍ॅडापलीन (छिद्रं मोकळी करणारी क्रीम), दोन्ही चांगली, जुनी औषधं आहेत, पण मुलांना आपल्या मनाने सुरू करू नका, डॉक्टरांनी वय बघून सांगू दे. बेन्झॉइल पेरॉक्साइड मिळालं तर एक घरगुती सूचना: ते कपड्यांचा रंग उडवतं. उशीला पांढरा अभ्रा घाला, युनिफॉर्म घालायच्या आधी हात धुवा, नाहीतर निळ्या शर्टवर नारिंगी ठिपके पडतील आणि ते धुऊन जात नाहीत. अ‍ॅडापलीन मिळालं तर रात्री, पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, फक्त पुळीवर टिपका नाही, आणि पहिले दोन-तीन आठवडे थोडं सोलेल.

⚠️ केमिस्टने क्लिंडामायसिनचं जेल दिलं आणि ‘हेच लावा, बास’ म्हणाला, तर घेऊ नका. ते अँटिबायोटिक आहे, एकटं महिनोन्‌महिने लावलं की जंतू त्याला जुमानेनासे होतात. डॉक्टर देतात तेव्हा बहुतेक दुसऱ्या औषधाच्या जोडीने आणि ठरावीक काळासाठी देतात.

✔️ तपासा: फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. दहाव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून बदलणं, मग ते दहा दिवस, मग तिसरं, असं करत लोक वर्ष घालवतात. महिन्यातून एकदा त्याच खिडकीपाशी फोटो काढा, रोज आरशात बघून काही कळत नाही. मात्र सूज, फोड, डोळे चिकटणं, सतत आग असं झालं तर बारा आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी बंद.

मध्येच दोन गोष्टी, लोक विचारतातच म्हणून

फोडायचं का? नाही. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंतच्या भागात तर मुळीच नाही, तिथलं इन्फेक्शन क्वचित पण वाईट वळण घेऊ शकतं. हात थांबत नसेल तर पुळीवर हायड्रोकोलॉइड पॅच (पुळी झाकणारी चिकट जेलची पट्टी) लावून ठेवा, नखं कापा.

चॉकलेट, वडापाव, चीज? खूप गोड आणि मैद्याच्या पदार्थांनी, काही मुलांना दुधाने, पिंपल्स वाढतात असं दिसतं, पण सगळ्यांना नाही. दूध बंद करून वाढत्या मुलाचं कॅल्शियम तोडू नका. कोल्ड्रिंक आणि बिस्किटं कमी करा, ती तशीही करायचीच होती. मुलगा जिमला जायला लागलाय आणि व्हे प्रोटीन (दुधापासून केलेली प्रोटीन पावडर) पितोय, तर ते मात्र महिना-दोन महिने थांबवून बघा.

८. डॉक्टरांकडे कधी, आणि जाताना काय न्यायचं

दुखऱ्या, आत खोल गाठी. खड्डे पडायला लागले. पाठ आणि छाती भरली. घरात आई-बाबांना तरुणपणी खड्डे पडलेले पिंपल्स होते. मुलीला पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली तरी फार अनियमित आणि वर ओठांवर, हनुवटीवर जाड केस. मूल फोटो काढू देत नाही, वाढदिवसाला जात नाही, मास्क काढत नाही. ह्यातलं एकही असेल तर थांबू नका. शेवटचं कारण इतरांइतकंच मोठं आहे, ‘वयात येताना होतंच’ म्हणून ते टाळू नका.

त्वचेच्या डॉक्टरांकडेच जा, पार्लरमध्ये नाही. मुलांच्या चेहऱ्याला क्लीन-अप, ब्लीच, फेशियल काहीही करून घेऊ नका. खर्चाचा प्रश्न असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात त्वचारोगाची ओपीडी असते, तिथे सकाळी लवकर नंबर लावा.

जाताना चेहऱ्याला काहीही लावू नका. आत्तापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घ्या, रिकाम्यासुद्धा, आणि काकूंनी दिलेली लेबल नसलेली डबीही. फोटो दाखवा. मुलाला स्वतः बोलू द्या. आणि निघायच्या आधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: कुठलं औषध रोज आणि कुठलं एक दिवस आड, मॉइश्चरायझर औषधाच्या आधी की नंतर, आणि आग झाली तर नेमकं कुठलं थांबवायचं. तो कागद बाथरूमच्या आरशाशेजारी चिकटवा, मुलाच्या उंचीवर.